शिवलेली टाळू, मागे राहिलेला जबडा

ओठ आणि टाळू जन्मतः दुभंगलेली, पण शस्त्रक्रियेचा एकही टाका न पडलेली मोठी माणसं १९८०च्या दशकात श्रीलंकेत बरीच होती. ओठ-टाळू शिवणारे शल्यचिकित्सक मोजके, त्यामुळे ती तशीच वाढली होती. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयातले मायकेल मार्स हे ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दातांची आणि जबड्यांची ठेवण सुधारणारे दंतवैद्य. १९८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने श्रीलंकेत या रुग्णांसाठी एक प्रकल्प सुरू झाला. ब्रिटनमधून शल्यचिकित्सक, दंतवैद्य, वाचा-उपचारतज्ज्ञ तिथे जात आणि तिथल्या डॉक्टरांच्या बरोबरीने काम करत. रुग्णांच्या दातांचे प्लास्टरचे साचे आणि चेहऱ्याचे बाजूने घेतलेले एक्स-रे ते जपून ठेवत.

या साच्यांत जे दिसलं ते अनेकांना अनपेक्षित होतं. ब्रिटनमध्ये तान्हेपणीच ओठ आणि टाळू शिवलेल्या मुलांपैकी कितीतरी जणांचा वरचा जबडा वयात येईपर्यंत मागे राहिलेला असे. समोरून पाहिलं तर चेहऱ्याचा मधला भाग बसका, आणि तोंड मिटलं की वरचे दात खालच्या दातांच्या आत. श्रीलंकेतल्या, कुणी हात न लावलेल्या माणसांचा वरचा जबडा मात्र जवळजवळ इतरांइतकाच पुढे वाढलेला होता. फटीच्या शेजारचे दात वेडेवाकडे होते हे खरं, पण पुढचे दात मागे नव्हे, उलट बाहेरच्या बाजूला झुकलेले होते. मार्स आणि त्यांचे सहकारी ह्यूस्टन यांनी १९९० मध्ये तेरा वर्षांवरच्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींवर एकही शस्त्रक्रिया नव्हती, काहींचा फक्त ओठ शिवलेला, काहींचे ओठ आणि टाळू दोन्ही शिवलेले. फक्त ओठ शिवलेल्यांचा जबडाही बऱ्यापैकी वाढला होता. जबडा खरा अडला होता तो टाळू शिवलेल्यांचा. मेक्सिकोतले शल्यचिकित्सक फर्नांडो ऑर्तिझ मोनास्तेरिओ यांनी शस्त्रक्रिया न झालेल्या प्रौढांची मापं घेऊन साधारण हेच १९५९ मध्ये सांगितलं होतं. श्रीलंकेतल्या साच्यांनंतर त्याकडे दुर्लक्ष करणं कुणाला शक्य राहिलं नाही.

म्हणजे दुभंगलेल्या टाळूच्या मुलाचा जबडा मुळात वाढायला तयार असतो. त्याला रोखून धरतो तो बराचसा आपणच घातलेल्या टाक्यांचा वण. आणि तरीही टाळू शिवावीच लागते. या दुखण्यावरच्या उपचारांचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास म्हणजे या पेचातून वाट काढण्याची धडपड आहे.

जन्माला येणाऱ्या साधारण सातशे बाळांमागे एकाचा ओठ, टाळू किंवा दोन्ही दुभंगलेले असतात. ओठाची फट डाव्या बाजूला असण्याचं प्रमाण उजव्या बाजूच्या जवळपास दुप्पट आहे. हे सगळं घडतं गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत, पुष्कळदा आईला दिवस गेल्याचं नीट कळायच्याही आधी. चौथ्या ते सातव्या आठवड्यात नाकाच्या मधला उंचवटा आणि गालांकडून येणारे दोन उंचवटे एकमेकांना भेटतात आणि वरचा ओठ व पुढची हिरडी तयार होते. टाळूचे दोन पडदे तेव्हा जिभेच्या दोन्ही बाजूंना उभे लोंबत असतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास जीभ खाली सरकते, पडदे आडवे होतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत मधोमध जुळतात. यात कुठेही उशीर झाला, पडदा आखूड पडला, पेशींची जुळणी फसली, तर फट राहते. काही घरांत जनुकांचा वाटा असतो. अपस्मारावरची काही औषधं आणि धूम्रपान यांनी धोका वाढतो. पुष्कळ वेळा एकच एक कारण सापडत नाही. महाराष्ट्रात अजूनही कितीतरी आया ग्रहणात भाजी चिरल्याचा दोष मुकाट्याने डोक्यावर घेऊन जगतात. ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, आणि ही गोष्ट बाळंतिणीच्या खोलीतच, सासूच्या आणि नवऱ्याच्या समोर, डॉक्टरांनी मोठ्याने सांगायला हवी.

आता दातांकडे. निरोगी तोंडात वरची दंतपंक्ती खालच्यापेक्षा किंचित मोठी असते आणि डब्यावर झाकण बसावं तशी सगळीकडून खालच्या दातांच्या बाहेरून बसते. पटाशीचे वरचे दात खालच्यांच्या पुढे, दाढांचे वरचे उंचवटे बाहेर. दुभंगलेल्या टाळूच्या मुलाच्या तोंडात हा क्रम जागोजागी उलटतो. समोर उलटला तर वरचे पटाशीचे दात खालच्यांच्या मागे जातात. बाजूला उलटला तर दाढा आतल्या अंगाने चावतात. दंतवैद्य याला क्रॉसबाइट म्हणतात. एडवर्ड अँगल या अमेरिकी दंतवैद्याने १८९९ मध्ये दातांच्या ठेवणीचे तीन वर्ग पाडले. या मुलांपैकी पुष्कळ जण त्यातल्या तिसऱ्या वर्गात पडतात, म्हणजे खालची पंक्ती वरचीच्या पुढे. फरक एवढाच, की एरवी तिसऱ्या वर्गात खालचा जबडा वाजवीपेक्षा मोठा असू शकतो, इथे मात्र बहुतेकदा खालचा ठीक असतो आणि वरचाच मागे राहिलेला असतो. आरशासमोर उभ्या राहिलेल्या मुलीला ते कळत नाही. आपली हनुवटी फार पुढे आली आहे, असंच तिला वाटत राहतं.

त्यात दातांचे स्वतःचे गोंधळ असतातच. पटाशीच्या मधल्या दाताशेजारचा, फटीच्या जागेवरचा दात पुष्कळदा उगवतच नाही. उगवला तर बारीक, टोकदार असतो, किंवा एकाऐवजी दोन येतात. फटीलगतचा मधला दात फिरलेला, आडवा आलेला असतो. त्याचं वरचं कवच कच्चं असू शकतं आणि ते लवकर किडतं. सुळा हिरडीत वर अडकून बसतो, कारण खाली यायला त्याला हाडच नसतं. दोन्ही बाजूंनी फट असेल तर मधला हाडाचा तुकडा बाळपणी नाकाच्या टोकाखालून पुढे लोंबल्यासारखा दिसतो. आईवडिलांना सगळ्यात जास्त घाबरवणारं दृश्य हेच. आणि वर्षं गेली की हाच तुकडा पुष्कळदा हवा तितका पुढे राहत नाही.

घरात या सगळ्याचा अर्थ अगदी साधा असतो. भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता येत नाही, तो हाताने तोडून दाढेखाली सारावा लागतो. पेरू चावून खाता येत नाही. जीभ आणि वरचे पुढचे दात यांच्यामध्ये ज्या फटीतून हवा घासत जायला हवी ती जागाच चुकीची असल्यामुळे ‘स’ आणि ‘श’ बिघडतात. ‘चमचा’तला च आणि ‘जहाज’मधला ज हे मराठीचे खास उच्चारही निसटतात. टाळू नीट मिटत नसेल तर याखेरीज हवा नाकातून निघून जाते, आणि मूल ‘बाबा’ म्हणायला गेलं तरी ऐकणाऱ्याला ‘मामा’सारखं काहीतरी ऐकू येतं. हे दोन दोष वेगळे. पहिला दातांनी सुधारतो, दुसऱ्यासाठी मऊ टाळूचा स्नायू कामाला लावावा लागतो.

जबडा नेमका कशाने अडतो? बर्लिनच्या बेर्नहार्ड फोन लांगेनबेक यांनी १८६१ मध्ये टाळू शिवायची जी पद्धत सांगितली तिचा गाभा आजही वापरात आहे. टाळूच्या दोन्ही बाजूंना हाडावरचं मांसल आवरण हाडापासून सोडवायचं, मध्यभागी ओढायचं आणि शिवायचं. मध्यभागी जोड बसतो, पण बाजूला, दाढांच्या आतल्या अंगाला, हाडाची उघडी पट्टी उरते. तिच्यावर नवी त्वचा धरेपर्यंत वण तयार होतो, आणि वण आकसतो हा त्याचा धर्मच आहे. तो दाढांच्या मुळांपर्यंत पोचलेला असतो, त्यामुळे आकसताना दाढांना आत ओढतो. वरच्या जबड्याचे दोन भाग आधीच सुटे, मधोमध हाडाचा आधार नाही, आणि पुढून शिवलेल्या ओठाचा दाब. दोन्ही भाग आतल्या बाजूला कलतात आणि पंक्ती अरुंद होते. मागच्या बाजूला, जिथे वरचा जबडा कवटीच्या तळाशी टेकतो, तिथलाही वण त्याला पुढे सरकू देत नाही. टाळू शिवण्याच्या पुढच्या बहुतेक सुधारणांत हाच एक हिशेब दिसतो: स्नायू नीट जुळवायचे, पण हाड कमीत कमी उघडं टाकायचं.

मग टाळू उशिरा शिवली तर? हा विचार जर्मनीतल्या मारबुर्गच्या श्वेकेनडीक यांनी प्रत्यक्षात आणला. मऊ टाळू लवकर शिवायची, आणि कडक टाळूची फट बारा-तेरा वर्षांपर्यंत तशीच ठेवून वर प्लेट बसवायची. जबडे सुरेख वाढले. पण १९८४ मध्ये यानुश बार्दाख आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी या रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली तेव्हा दुसरी बाजू उघडी पडली. बोलणं फार बिघडलेलं होतं. श्रीलंकेतूनही तेच कळलं. डेबी सेल आणि पामेला ग्रनवेल यांनी किशोरवयात पहिल्यांदा टाळू शिवलेल्या मुलांचं बोलणं तपासलं. फट बंद झाली, पण लहानपणापासून बसलेल्या सवयी सुटल्या नव्हत्या. घशात अडवून काढलेले, नाकातून निसटलेले उच्चार तसेच राहिले. बोलणं शिकण्याचं वय निघून गेलं होतं.

इथे निवड करावीच लागते, आणि जगभरातल्या बहुतेक केंद्रांनी ती बोलण्याच्या बाजूने केली आहे. जबडा पुढे अठराव्या वर्षीही सरकवता येतो. हुकलेलं बोलणं अठराव्या वर्षी परत मिळवणं फार अवघड. २०२३ मध्ये एका मोठ्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या केंद्रांत, फक्त टाळू दुभंगलेल्या ५५८ बाळांचे सोडत पद्धतीने दोन गट केले गेले. एका गटाची टाळू सहाव्या महिन्यात शिवली, दुसऱ्याची बाराव्या. पाचव्या वर्षी तपासलं तेव्हा मऊ टाळू नीट मिटत नसल्याचा दोष पहिल्या गटात सुमारे ९ टक्के आणि दुसऱ्या गटात १५ टक्के मुलांत आढळला. या मुलांचे ओठ दुभंगलेले नव्हते, तेव्हा तोच आकडा सगळ्यांना चिकटवता येणार नाही. पण कल स्पष्ट आहे. आईबाप जेव्हा विचारतात, ‘डॉक्टर, थोडं मोठं झाल्यावर केलं तर चालेल का?’ तेव्हा त्यांना हे कारण सांगायला हवं. टाळूला थांबायला वेळ नाही, कारण मूल बोलायला थांबणार नाही.

शस्त्रक्रिया चांगली झाली की वाईट, हे ओठ पाहून कळत नाही. पाचव्या आणि दहाव्या वर्षी दातांचे साचे पाहिले की बरंच कळतं. लंडन आणि ऑस्लो इथल्या तज्ज्ञांनी मिळून १९८७ मध्ये एक मोजपट्टी तयार केली. तिचं नाव गॉसलॉन, ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट, लंडन आणि ऑस्लो यांवरून पडलेलं. तिच्यात साचे पाच गटांत मांडतात. पहिल्या दोन गटांतल्या मुलांचं काम साध्या तारांनी भागतं किंवा फारसं काही करावंच लागत नाही. तिसऱ्याला गुंतागुंतीचे तारांचे उपचार लागतात. चौथ्यात तारांची हद्द येते. पाचव्या गटातल्या मुलाला पुढे जबड्याची शस्त्रक्रिया लागणार, हे दहाव्या वर्षीच दिसतं.

ही मोजपट्टी हाती आली आणि केंद्रांची तुलना करता येऊ लागली. उत्तर युरोपातल्या सहा केंद्रांनी आपले रुग्ण एकमेकांसमोर उघडे ठेवले. युरोक्लेफ्ट नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासाचे पहिले निष्कर्ष १९९२ मध्ये आले आणि पुष्कळांना झोंबले. केंद्राकेंद्रांत मोठा फरक होता, आणि जास्त उपचार म्हणजे चांगला निकाल असं मुळीच नव्हतं. काही मुलांनी अधिक प्लेट घातल्या, अधिक वेळा भूल घेतली, अधिक चकरा मारल्या, आणि त्यांचे जबडे इतरांपेक्षा वाईट निघाले. चांगला निकाल तिथे, जिथे थोडे शल्यचिकित्सक भरपूर रुग्ण पाहतात, एकच पद्धत धरून राहतात आणि नोंदी ठेवतात. ब्रिटनमध्ये तेव्हा हे काम पन्नासहून अधिक ठिकाणी विखुरलेलं होतं. कुठे वर्षाला चार-दोनच बाळं. १९९८च्या सरकारी अहवालाने देशभरातल्या मुलांची तपासणी करून निकाल निराशाजनक असल्याचं सांगितलं आणि सगळं काम ८ ते १५ केंद्रांत एकत्र आणायची शिफारस केली. तसं झालंही. आपल्या रुग्णांचे साचे दुसऱ्यांसमोर ठेवायला धैर्य लागतं. ते ज्या डॉक्टरांनी दाखवलं, त्यांचे पुढच्या पिढीतल्या मुलांवर उपकार आहेत.

टाळू शिवल्यावर दंतवैद्याचं काम बराच काळ फक्त पाहण्याचं असतं. दुधाचे दात घासून घ्या, किडू देऊ नका, एवढंच सांगणं. ते ऐकायला किरकोळ वाटतं, पण दाढा किडून पडल्या तर पुढे उपकरण बसवायला आधारच राहत नाही. फटीजवळचा वाकडा किंवा जादा दात गावातल्या दवाखान्यात उपटून घेण्याची घाईही महागात पडते. तो दात आपल्याभोवतीचं थोडं हाड धरून असतो, दात गेला की ते हाडही झिजतं.

खरं काम सात-आठ वर्षांच्या आसपास सुरू होतं. आधी टाळूवर वाकवलेल्या तारेचं किंवा स्क्रूचं उपकरण बसवून आत कललेले जबड्याचे भाग हळूहळू बाहेर सरकवतात. मग येते हिरडीतली फट हाडाने भरण्याची शस्त्रक्रिया. १९५० आणि ६०च्या दशकांत काही डॉक्टरांनी हे हाड तान्हेपणीच भरून पाहिलं, आणि जबड्याची वाढ आणखी खुंटली. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या बॉइन आणि सँड्स यांनी योग्य वेळ दाखवून दिली: सुळा उगवण्याआधी, पण त्याचं मूळ निम्म्याहून अधिक तयार झाल्यावर. म्हणजे साधारण आठ ते अकरा वर्षांदरम्यान. कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेतून मऊ, जाळीदार हाड काढायचं आणि फटीत भरायचं. ऑस्लोच्या गटाने १९८६ मध्ये आपल्या रुग्णांचे निकाल मांडले तेव्हापासून ही पद्धत जगभर रुजली.

या शस्त्रक्रियेत जे घडतं ते सांगताना मुरलेले डॉक्टरही उत्साहात येतात. भरलेलं हाड काही महिन्यांत जबड्याशी एकजीव होतं. दोन सुटे भाग एक होतात, नाकपुडीला खालून आधार मिळतो, तोंडातून नाकात पाणी जाणारं उरलंसुरलं भोक बंद होतं. आणि वर अडकलेला सुळा त्या नव्या हाडातून वाट काढत खाली उतरतो. उतरताना तो हाड आणखी पक्कं करतो, कारण दात जिथे असतो तिथे हाड टिकतं. पुष्कळदा दंतवैद्य त्या सुळ्यालाच पुढे सरकवून न आलेल्या दाताची जागा देतात, त्याचं टोक घासून त्याला पटाशीच्या दातासारखं रूप देतात. कंबर आठवडाभर दुखते, मूल थोडं लंगडतं. पण ही वेळ चुकली, सुळा आधीच फटीत येऊन उघडा पडला, तर नंतर भरलेलं हाड तितकं टिकत नाही. दुभंगलेल्या टाळूच्या मुलाच्या पालकांनी एकच तारीख वहीत लिहून ठेवायची असेल तर ती ही: आठवा वाढदिवस, तेव्हा एक्स-रे काढून घ्यायचा.

याच वयात काही मुलांना चेहऱ्यावर बाहेरून लावायचं उपकरण देतात. फ्रान्सच्या झाँ दलेअर यांनी ते रूढ केलं. कपाळावर आणि हनुवटीवर टेकवून रबरबँडने वरचा जबडा पुढे ओढायचा, दिवसाचे बारा-चौदा तास. चौथीतलं मूल ते घालून झोपतं आणि काही महिन्यांत वरचे दात पुढे आलेले दिसतात. पण वरच्या जबड्याची वाढ आतून अडलेलीच असते, आणि खालचा जबडा वयात येताना झपाट्याने वाढतो. मुलींमध्ये साधारण सोळाव्या, मुलांमध्ये अठराव्या वर्षापर्यंत किंवा त्याहीपुढे. सातवीत बरोबर जुळलेले दात दहावीत पुन्हा उलटे बसलेले दिसतात. पालकांना वाटतं, तारा नीट लावल्या नाहीत. मुलाला वाटतं, आपण रबरबँड आळसाने घातले नाहीत. बहुतेकदा दोष कुणाचाच नसतो. हे असं होऊ शकतं, ही गोष्ट आठव्या वर्षीच सांगितलेली असेल तर त्या पोरावरचं ओझं बरंच हलकं होतं.

ओठ-टाळू दोन्ही दुभंगलेल्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा, आणि काही केंद्रांत त्याहून बरेच अधिक, अखेर जबड्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत पोचतात. फ्रेंच शल्यचिकित्सक रेने ल फोर यांनी १९०१ मध्ये मृतदेहांच्या डोक्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडं कोणत्या रेषांवर तुटतात ते नोंदवलं होतं. त्यातली सगळ्यात खालची, नाकाखालून आडवी जाणारी रेषा आज शल्यचिकित्सक मुद्दाम कापतात, वरचा जबडा सोडवून पुढे आणतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्यांनी पक्का करतात. जुना वण इथेही आडवा येतो. तो जबडा मागे खेचतो, त्यामुळे इतर रुग्णांपेक्षा इथे जबडा थोडा परत मागे जाण्याची शक्यता जास्त असते. आणखी एक अडचण. जबडा पुढे गेला की मऊ टाळूही पुढे जाते, घशाच्या मागच्या भिंतीपासून लांब, आणि जेमतेम सुधारलेलं बोलणं पुन्हा नाकातून येऊ लागू शकतं. म्हणून शस्त्रक्रियेआधी वाचा-उपचारतज्ज्ञाची तपासणी टाळता कामा नये.

अंतर फार असेल, एक सेंटिमीटरहून जास्त, तर जबडा एकदम न सरकवता रोज थोडा ओढतात. सायबेरियातल्या कुर्गान शहरात गावरिल इलिझारोव यांनी पायांच्या हाडांवर सिद्ध केलेली ही कल्पना. कापलेल्या हाडाची टोकं दिवसाला एक मिलिमीटर दूर नेली तर मधल्या जागेत नवं हाड धरतं. शिकागोच्या पॉली आणि फिगेरोआ यांनी १९९७ मध्ये डोक्याभोवती बसवायच्या चौकटीच्या साहाय्याने ती वरच्या जबड्यावर आणली. काही आठवडे कॉलेजातला मुलगा ती चौकट डोक्यावर घेऊन घरात बसतो. त्याच्या आईवडिलांसाठी तो काळ कठीण असतो, पण रोज आरशात चेहरा बदलताना दिसतो.

महाराष्ट्रात दुभंगलेल्या ओठाचं नाव निघालं की शरदकुमार दीक्षित आठवतात. पंढरपूरचे हे शल्यचिकित्सक अमेरिकेत स्थायिक झाले आणि दरवर्षी भारतात येऊन मोफत शिबिरं घेत राहिले. स्वरयंत्राच्या कर्करोगाने आवाज गेला, अपघाताने शरीर जखडलं, तरी टाके घालणं थांबलं नाही. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०११ मध्ये ते गेले. अशा शिबिरांनी हजारो मुलांना चेहरा दिला आणि लग्नाच्या, नोकरीच्या वाटा मोकळ्या केल्या. २००९ मध्ये ऑस्कर मिळालेल्या ‘स्माईल पिंकी’ या लघुपटात उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर जिल्ह्यातल्या एका मुलीचा ओठ शिवला जातो आणि ती शाळेत जाऊ लागते. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. पण ओठ एका सकाळी शिवता येतो, जबड्याला अठरा वर्षं लागतात. शिबिराला हे काम पेलण्यासारखं नाही, ते त्याच्याकडून मागणंही चूक आहे.

केरळमधल्या त्रिशूरच्या ज्युबिली मिशन रुग्णालयात हिरजी अदनवाला या पारशी शल्यचिकित्सकाने हेच ओळखलं आणि एका छताखाली शल्यचिकित्सक, दंतवैद्य आणि वाचा-उपचारतज्ज्ञ आणले. केंद्राला नाव दिलं चार्ल्स पिंटो यांचं, मुंबईतल्या आपल्या गुरूचं. महाराष्ट्रात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलं तपासतात. हा कार्यक्रम देशभरासाठी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला, आणि दुभंगलेले ओठ-टाळू त्याच्या यादीत आहेत. बाळ सापडतं, शस्त्रक्रियेला पोचतं. धागा तुटतो तो त्यानंतर. तारांच्या उपचाराला दर महिना-दीड महिन्याला खुर्चीत बसावं लागतं, दोन-तीन वर्षं. बीडहून ऊसतोडीला निघालेलं कुटुंब दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत कुठल्या कारखान्याच्या फडावर असेल ते त्यांनाही आधी ठाऊक नसतं. शासकीय दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत. एका चकरेला मजुरीचा एक दिवस, एस.टी.चं भाडं, आणि शाळेचा खाडा.

यावर करता येण्यासारखं थोडं नाही. टाळू शिवून घरी सोडताना पालकांच्या हाती पुढच्या अठरा वर्षांचं कार्ड देता येईल. शाळेत जाणारी पथकं मुलांच्या तोंडात टॉर्च टाकतातच, त्यांना पाचव्या आणि आठव्या वर्षी ही मुलं नावानिशी शोधून जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येतील. दातांचे साचे आता स्कॅनरने घेता येतात आणि फाईल क्षणात कुठेही जाते. नागपूरच्या ऑर्थोडॉन्टिस्टला गडचिरोलीतल्या मुलाचे दात पाहायला त्या मुलाने प्रवास करण्याची गरज नाही. प्रवास लागेल तो हाड भरायच्या वेळी, तारांच्या वेळी, आणि त्यासाठीच्या भाड्याची तरतूद शस्त्रक्रियेच्या खर्चाचाच भाग मानली पाहिजे.

ज्यांची ही सगळी वळणं हुकली तेही येतात. पंचविशीतली मुलगी येते, लग्न ठरायचं असतं म्हणून. तिशीतला शिक्षक येतो, वर्गात मुलं हसतात म्हणून. वाढ संपलेली असल्यामुळे एका अर्थी त्यांचं काम सोपं असतं. आज जे जुळवलं ते उद्या वाढीने उलटणार नाही. दातांना तारा कोणत्याही वयात लावता येतात, हिरड्या निरोगी असल्या की झालं. आधी वर्ष-दीड वर्ष तारा, मग जबडा पुढे आणण्याची शस्त्रक्रिया, मग पुन्हा काही महिने तारा. फटीतलं हाड या वयात भरलं तर लहान मुलांइतकं भरवशाचं नसतं, पण भरता येतं. त्यावर न उगवलेल्या दाताच्या जागी स्क्रूवर बसणारा दात किंवा शेजारच्या दातांना धरून बसणारा पूल बसतो. तारा काढल्यावर रात्री प्लेट घालायची, आणि दुभंगलेल्या टाळूच्या रुग्णाने ती कायमची घालायची, कारण टाळूवरचा वण दातांना आयुष्यभर आत ओढत राहतो.